ओढा कागदावर आहे का, ते आधी पाहा

प्रश्न : मी करवीर तालुक्यातील एका गावची ग्रामपंचायत सदस्या आहे. गाव कोल्हापूर शहराला लागून आहे आणि शहरालगतच्या गावांचे नियोजन पाहणाऱ्या विकास प्राधिकरणाच्या हद्दीत येते. गावाच्या खालच्या अंगाला एक ओढा आणि जुना पाझर तलाव आहे. ओढ्याकाठी करंज, उंबर, वाळुंज आणि आंब्याची जुनी झाडे आहेत. थंडीत तलावावर बदके उतरतात, आसपासच्या उसात घोरपडी आणि मोर आहेत. गेल्या काही महिन्यांत ओढ्याकडेच्या गटांत प्लॉटिंगच्या खुंट्या पडू लागल्या आहेत. माझे चुलतदीर जमिनीच्या व्यवहारात आहेत. ते म्हणतात, ‘वहिनी, कायदा बदललाय. एनए, म्हणजे अकृषिक परवानगी, लागत नाही; जमिनीचे लहान तुकडे विकायला असलेली तुकडेबंदीही सैल झाली. आता कुणाला अडवायचा अधिकारच राहिला नाही.’ आमच्या एकत्र कुटुंबाचा एक गटही त्याच पट्ट्यात आहे, त्यामुळे मी काही बोलले की घरात वाद होतो. इंग्लंडला राहणारा माझा भाचा सांगतो की तिकडे बांधकाम करणाऱ्याला निसर्गाची भरपाई करून द्यावी लागते. आपल्याकडे तसे काही नाही का? आणि कायदाच बदलला असेल तर मी नक्की काय करावे? सरळ कोर्टात जावे का?

उत्तर : आपल्या दिरांचे म्हणणे पूर्णपणे खोटे नाही, आणि म्हणूनच ते नीट तपासून घ्यायला हवे. गेल्या दहा-बारा वर्षांत महाराष्ट्रात जमिनीच्या वापराचे नियम खरोखरच सैल होत गेले आहेत. २०१४ पासून महाराष्ट्र जमीन महसूल संहितेत टप्प्याटप्प्याने दुरुस्त्या झाल्या आणि विकास योजनेत किंवा प्रादेशिक योजनेत रहिवासासाठी दाखवलेल्या जमिनींना, तसेच गावठाणापासून २०० मीटरच्या आतील जमिनींना, स्वतंत्र अकृषिक परवानगीसाठी कचेरीचे उंबरे झिजवण्याची गरज उरली नाही. डिसेंबर २०२० मध्ये एकत्रिकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली आली आणि मुंबईसारखे काही अपवाद सोडले तर राज्यभर बांधकामाचे एकच नियमपुस्तक झाले. २०२५ मध्ये तुकडेबंदीच्या बाबतीतही सरकारने सवलतीचा निर्णय घेतला. एवढे सगळे एकापाठोपाठ एक घडल्यावर ‘आता सगळे मोकळे झाले’ असा समज गावोगावी पसरला, तर त्यात नवल नाही. जमिनीच्या व्यवहारात असलेल्यांना तो समज सोयीचाही असतो.

मात्र यांपैकी एकाही बदलाने ओढा बुजवण्याची, तलावाच्या पोटात भराव टाकण्याची किंवा उभी झाडे विनापरवाना तोडण्याची मुभा कोणाला दिलेली नाही. अकृषिक परवानगी वेगळी आणि रेखांकनाची, म्हणजे प्लॉट पाडण्याच्या नकाशाची व बांधकामाची परवानगी वेगळी. पहिली सोपी झाली म्हणून दुसरी रद्द झालेली नाही, आणि जागेवर खुंट्या ठोकल्या म्हणजे रेखांकन मंजूर झाले असेही नव्हे. त्यामुळे आपले पहिले काम अगदी साधे आहे. त्या गटांचे रेखांकन मंजूर आहे का, असल्यास मंजुरीचा क्रमांक, तारीख व नकाशाची प्रत मिळावी, असा माहिती अधिकाराचा अर्ज प्राधिकरणाकडे करावा. कायद्याप्रमाणे ३० दिवसांत उत्तर यायला हवे. त्याच सुमारास त्या गटांचा झोन दाखला आणि भाग नकाशा मागून घ्यावा, म्हणजे ती जमीन शेती विभागात आहे की रहिवास विभागात, आणि आपल्या गावाला आज नेमकी कोणती योजना लागू आहे, हे तोंडी चर्चेवर न राहता कागदावर कळेल.

खरा बदल जो झाला आहे तो वेगळाच आहे, आणि त्याकडे फारसे कोणाचे लक्ष गेलेले नाही. पूर्वी एकेका जमिनीचा अर्ज होत असे, त्यावर तलाठ्याचा पंचनामा होत असे, निरनिराळ्या खात्यांचे अभिप्राय मागवले जात. हा कारभार कंटाळवाणा होता, त्यात चिरीमिरीलाही वाव होता, हे मान्यच करायला हवे. पण त्यात कोणीतरी एकदा तरी त्या जागेवर जाऊन उभा राहत असे आणि ‘येथून ओढा वाहतो’ असे लिहून ठेवत असे. आता जमीन एकदा विकास आराखड्यात, म्हणजे विकास योजनेत, रहिवासासाठी रंगवली गेली की पुढचा बराचसा प्रवास कागदावरून कागदावर होतो. म्हणजे निसर्गाच्या बाजूने बोलण्याची जागा अर्जाच्या टप्प्यावरून आराखड्याच्या टप्प्यावर सरकली आहे. आराखडा तयार होत असताना जे नकाशावर आले नाही, ते नंतर कितीही ओरडून दाखवले तरी ‘आमच्या नोंदीत नाही’ या तीन शब्दांत निकालात निघते. माझा सगळा सल्ला याभोवतीच फिरणार आहे.

आराखड्याचा कायदा म्हणजे महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६. त्याच्या कलम २२ मध्ये विकास योजनेत काय काय असावे याची जी यादी आहे, तीत रस्ते, शाळा, बाजार यांच्याबरोबर मोकळ्या जागा, हरितपट्टे, निसर्ग राखीव क्षेत्रे आणि निसर्गसौंदर्याच्या जागांचे जतन यांचाही स्पष्ट उल्लेख आहे. त्यामुळे ओढ्याकाठचा पट्टा राखा असे म्हणणे ही कोणा निसर्गप्रेमीची हौस ठरत नाही. ती त्या कायद्याच्याच चौकटीतली मागणी आहे. कलम २५ प्रमाणे आराखडा करण्याआधी जागेची पाहणी होऊन विद्यमान जमीन वापर नकाशा तयार व्हावा लागतो. पुढे कलम २६ खाली प्रारूप आराखडा प्रसिद्ध होतो आणि हरकती-सूचनांसाठी ३० दिवस मिळतात. लेखी हरकत घेणाऱ्यांना कलम २८ प्रमाणे नियोजन समितीपुढे सुनावणी मिळते. लोक जागे होतात ते ३० दिवसांच्या टप्प्यावर, तेही बहुधा शेवटच्या आठवड्यात. त्याआधीचा विद्यमान जमीन वापर नकाशा मात्र कोणी उघडूनही पाहत नाही. ज्या नकाशावर ओढ्याच्या जागी पडीक जमीन दाखवली गेली, त्याच्यावर बेतलेल्या आराखड्यात त्या ओढ्यावरून नऊ मीटरचा रस्ता गेला, तर आखणाऱ्याला दोष कसा देणार? त्याच्या लेखी तेथे ओढा नव्हताच.

म्हणून करवीरच्या भूमी अभिलेख कार्यालयातून गाव नकाशाची प्रमाणित प्रत आणि संबंधित गटांचे जुने टिपण, म्हणजे मोजणीच्या वेळची मापे दाखवणारा कच्चा नकाशा, काढून घ्या. जुन्या मोजणीच्या नकाशात ओढे फार बारकाईने दाखवलेले असतात. त्यांची वळणे आणि त्यांना येऊन मिळणारे पाटसुद्धा सापडतात. मग सातबारा पाहा. त्यात लागवडीलायक क्षेत्राच्या खाली पोटखराबा, म्हणजे लागवडीलायक नसलेले क्षेत्र, लिहिलेला असतो आणि त्याचे अ व ब असे दोन वर्ग असतात. वर्ग ब म्हणजे रस्ता, जलप्रवाह, तळे अशा सार्वजनिक कारणासाठी राखलेले क्षेत्र. सातबारा एकाच्या नावावर असला तरी त्या क्षेत्राचा प्लॉट पाडून विकता येत नाही. आपण पाठवलेल्या छायाचित्रांत खुंट्या थेट पाण्याच्या कडेपर्यंत आलेल्या दिसतात. आता गाव नकाशा हातात घेऊन आणि गावातील दोन जुनी माणसे सोबत घेऊन ओढ्याच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालत जा. नकाशातील रुंदी आणि आजची रुंदी यांत कोठे फरक पडला आहे, कोठे बांध पुढे सरकला आहे, कोठे मुरूम टाकला आहे, हे गट क्रमांकासह लिहून काढा. तक्रारीच्या दहा अर्जांपेक्षा हा एक कागद पुढे जास्त उपयोगी पडेल.

तलावाची गोष्ट थोडी गुंतागुंतीची आहे. पाणथळ जागांसाठी २०१७ चे केंद्रीय नियम आहेत, परंतु त्यांच्या व्याख्येतूनच पिण्याच्या पाण्यासाठी व सिंचनासाठी मुद्दाम बांधलेले जलाशय वगळलेले आहेत. आपला पाझर तलाव त्या व्याख्येत बसत नाही असे उत्तर येण्याची शक्यता मोठी आहे, आणि तोच मुद्दा धरून बसलात तर वेळ वाया जाईल. त्यापेक्षा मालकीचा धागा धरा. तलाव जिल्हा परिषदेच्या लघुपाटबंधारे विभागाचा आहे की जलसंधारण खात्याचा, आणि तो बांधताना किती क्षेत्र संपादित झाले, हे विचारा. संपादित क्षेत्र पूर्ण भरलेल्या तलावाच्या मापाने घेतलेले असते. चैत्र-वैशाखात पाणी आटून जो काठ उघडा पडतो तोही त्यातच येतो. अतिक्रमण नेमके त्या उघड्या काठावर होते, कारण पाहणाऱ्याला ती मोकळी पडीक जमीन वाटते. टिटवी याच काठाच्या खड्यांत अंडी घालते आणि हळदी-कुंकू बदके याच गवतात आसरा घेतात. हद्दीचे दगड शोधून त्यांची मोजणी मागवली, तर पाणथळीच्या व्याख्येत न शिरताही बराचसा काठ वाचतो. गायरानालाही हाच न्याय लावा. सार्वजनिक जमिनींवरील अतिक्रमणे हटवण्याविषयी सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये दिलेल्या निकालानंतर राज्य सरकारनेही गायरानाबाबत कडक आदेश काढलेले आहेत.

पुराचा मुद्दा आपल्या पत्रात आलेला नाही, याचे मला आश्चर्य वाटले. २०१९ आणि २०२१ चे पूर पाहिलेल्या गावात ओढ्यासाठी बोलायला याहून मोठा आधार नाही. पंचगंगेचे पाणी राजाराम बंधाऱ्यावर ३९ फुटांची इशारा पातळी आणि ४३ फुटांची धोका पातळी ओलांडते, तेव्हा तिला मिळणाऱ्या ओढ्या-नाल्यांचे पाणी पुढे सरकत नाही. ते मागे फुगते आणि पसरायला जागा शोधते. ओढ्याचा काठ, त्याच्या शेजारची सखल शेते आणि तलावाचे पोट हीच ती जागा. ती भरावाने उचलली की तेच पाणी शेजारच्या गल्लीत शिरते. वर सांगितलेल्या २०२० च्या बांधकाम नियमावलीत यासाठी निळ्या आणि लाल पूररेषेची तरतूद आहे. २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची ती निळी रेषा आणि १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची ती लाल रेषा. नदीपात्र आणि निळी रेषा यांच्यामधले क्षेत्र निषिद्ध असून तेथे बाग, मोकळी जागा, वाहनतळ असे मोजकेच वापर चालतात. निळ्या आणि लाल रेषेच्या मधल्या पट्ट्यात बांधकामाला परवानगी मिळू शकते, पण जोत्याची पातळी लाल रेषेच्या पातळीपेक्षा ४५ सेंटिमीटर उंच ठेवावी लागते. या रेषा जलसंपदा विभाग आखतो. आपल्या गटांवरून त्या जातात का, हे त्यांच्याकडून लेखी मागवा. आणि ओढ्यासाठी रेषा आखलेली नसेल तर २०१९ व २०२१ मध्ये पाणी कोठवर आले होते, त्याच्या घराघरांवरील खुणा ग्रामपंचायतीच्या ठरावासह नोंदवून ठेवा. टेकडीकडचा भाग असेल तर १:५ पेक्षा जास्त उताराच्या जमिनीवर बांधकाम करता येत नाही, हीदेखील तरतूद लक्षात ठेवावी. माझा अनुभव असा की ‘पक्षी वाचवा’ या मागणीला मान डोलावून फाईल बाजूला ठेवणारा अधिकारी, ‘या भरावामुळे शाळेत पाणी शिरेल’ हे वाक्य मात्र वरिष्ठांपर्यंत पोचवतो. दोन्ही गोष्टींचा काठ एकच असल्याने आपले काम होते.

आता झाडे आणि जनावरे. ग्रामपंचायतीच्या हद्दीत झाडे तोडण्यासाठी १९६४ चा महाराष्ट्र झाडे तोडणे (नियमन) अधिनियम आहे आणि त्याच्या अनुसूचीत आंबा, जांभूळ, फणस, हिरडा यांसारखी झाडे आहेत. नागरी क्षेत्राला १९७५ चा वेगळा कायदा आहे. त्यात २०२१ मध्ये दुरुस्ती होऊन ५० वर्षांहून जुन्या झाडांना वारसा वृक्षाचा दर्जा आणि तोडलेल्या झाडाच्या वयाइतकी नवी झाडे लावण्याची अट आली. उद्या हद्दवाढ झाली आणि आपले गाव शहरात गेले तर दुसरा कायदा लागू होईल; म्हणून ओढ्याकाठच्या जुन्या झाडांचा घेर मोजून, अंदाजे वय आणि गट क्रमांक लिहून यादी आजच करावी. घोरपड आणि मोर हे वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत आहेत. त्या कायद्यातील ‘शिकार’ या शब्दाच्या व्याख्येत वन्य पक्ष्यांची व सरपटणाऱ्या प्राण्यांची अंडी फोडणे किंवा घरट्यांना धक्का लावणे हेही येते, ही गोष्ट जेसीबी चालवणाऱ्यांना आणि त्याला बोलावणाऱ्यांनाही बहुधा ठाऊक नसते. ओढ्यावर कललेल्या फांद्यांना सुगरणीची घरटी लटकलेली असताना काठ साफ करायला यंत्र लावले, तर वनक्षेत्रपालांना तारीख, वेळ आणि छायाचित्रासह कळवावे. पण हा कायदा त्या प्राण्याला जेवढे संरक्षण देतो तेवढे त्याच्या राहत्या शेताला देत नाही, हेही समजून असावे. अभयारण्याबाहेर जागा वाचते ती आराखड्यानेच.

येथे एक इशारा. पश्चिम घाटाच्या संवेदनशील क्षेत्राचा मुद्दा आपल्या हरकतीत आणू नका. २०११ चा माधव गाडगीळ समितीचा अहवाल, २०१३ चा कस्तुरीरंगन गटाचा अहवाल आणि मार्च २०१४ पासून जुलै २०२४ पर्यंत पुन्हा पुन्हा निघालेल्या सहा प्रारूप अधिसूचना हा सारा विषय जिल्ह्याच्या पश्चिमेकडील, म्हणजे शाहूवाडी, राधानगरी, आजरा, चंदगड अशा घाटाकडच्या तालुक्यांचा आहे. राधानगरी अभयारण्याचा किंवा २०१२ मध्ये पश्चिम घाटाला मिळालेल्या जागतिक वारशाच्या दर्जाचा दाखला करवीरमधल्या ओढ्याला लावला, तर समोरचा वकील पहिल्याच वाक्यात तो खोडून काढेल आणि त्याच्याबरोबर आपल्या खऱ्या मुद्द्यांचेही वजन जाईल. दाजीपूरच्या गव्यांना १९५८ पासून अभयारण्य आहे. आपल्या तलावावरच्या बदकांना नाही. त्यांच्यासाठी वेगळे हत्यार आहे आणि ते आपल्या हाताशीच आहे. जैविक विविधता अधिनियम, २००२ प्रमाणे प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती असायला हवी आणि तिने लोक जैवविविधता नोंदवही तयार करायला हवी. पुष्कळ गावांत ही समिती केवळ कागदावर असते आणि नोंदवही बाहेरच्या संस्थेकडून एकगठ्ठा करून घेतलेली असते, ज्यात शेजारच्या गावातले आणि आपल्या गावातले पक्षी संशय यावा इतके सारखे निघतात. आपण सदस्या आहात. ती नोंदवही बाहेर काढा, ओढा आणि तलाव यांची स्वतंत्र पाने घाला, कोणत्या महिन्यात काय दिसते ते गावातल्या गुराख्यांकडून, कोळ्यांकडून आणि शाळेतल्या मुलांकडून लिहून घ्या, आणि समितीच्या बैठकीत ती पाने मंजूर करून घ्या. आराखडा करणाऱ्या कार्यालयाकडे तिची प्रत पाठवून पोच घ्या. पुढे कोणी ‘नोंदीत नाही’ म्हटले तर ही नोंद आहे.

हरकत लिहिताना भाषा कशी असावी, याचा नमुना देतो. ‘आमच्या गावाचा निसर्ग वाचवावा ही नम्र विनंती’ असे लिहिले तर समितीला त्यावर काही ठरवताच येत नाही. त्याऐवजी असे लिहावे : ‘गट क्रमांक अमुक व तमुक यांच्यामधून गाव नकाशात दाखवलेला ओढा वाहतो. प्रारूप आराखड्यात तो दाखवलेला नाही व त्या जागी रस्ता प्रस्तावित केला आहे. ओढा मूळ रुंदीसह आराखड्यात दाखवावा, दोन्ही काठांचा पट्टा हरितपट्टा म्हणून ठेवावा आणि रस्ता पश्चिमेकडे सरकवावा. सोबत गाव नकाशाची प्रमाणित प्रत, पूरखुणांचा ठराव व नोंदवहीची पाने जोडली आहेत.’ यात मागणी आहे, पुरावा आहे आणि पर्यायही आहे. एकाच मजकुराचे शेकडो छापील अर्ज देण्याची आपल्याकडे पद्धत पडली आहे. त्यांची सुनावणी एकत्रच उरकली जाते. त्यापेक्षा वेगवेगळ्या गटांविषयी वेगवेगळ्या माणसांनी दिलेल्या पंधरा-वीस हरकतींना समितीला स्वतंत्र उत्तरे द्यावी लागतात. प्रत्येक अर्जावर आवक क्रमांक घेतल्याशिवाय खिडकीपासून हलू नये.

आता घरातला प्रश्न, जो मला या सगळ्यापेक्षा अवघड वाटतो. आपल्या कुटुंबाचा गट त्याच पट्ट्यात आहे, ही गोष्ट लपवू नका. हरकतीच्या पहिल्याच परिच्छेदात ती लिहून टाका आणि ग्रामपंचायतीत त्या गटाचा विषय निघाला तर आपला संबंध सांगून मतदानापासून दूर राहा. स्वतःचे नुकसान होण्याची शक्यता असूनही मागणी करणाऱ्या माणसाचे म्हणणे वेगळ्या नजरेने वाचले जाते, आणि ‘वहिनींना दुसऱ्यांच्या जमिनी अडवायच्या आहेत’ असे म्हणायला जागा उरत नाही. दिरांची भीतीही समजून घ्या. जमिनीवर बागेचे आरक्षण पडले की ती विकता येत नाही आणि मोबदलाही मिळत नाही, असे त्यांनी आजूबाजूला पाहिले असेल. त्यांच्या भीतीला आधार आहे, आणि गंमत अशी की त्यात आपलेही नुकसान आहे. कलम १२७ प्रमाणे आरक्षित जमीन दहा वर्षांत संपादित झाली नाही तर मालक खरेदी सूचना, म्हणजे ‘जमीन विकत घ्या’ अशी नोटीस, देऊ शकतो आणि त्यानंतर २४ महिन्यांत संपादनाची पावले उचलली गेली नाहीत तर आरक्षण व्यपगत होते, म्हणजे आपोआप उठते. पैसा नसलेल्या संस्थेने घाईने टाकलेले उद्यानाचे आरक्षण म्हणजे बारा वर्षांनी उठणारा पडदा आहे. म्हणून संपूर्ण गटावर आरक्षण मागण्याचा हट्ट धरू नये.

त्याऐवजी दिरांपुढे एक हिशोब मांडा. नियमावलीप्रमाणे ०.४ हेक्टर किंवा त्याहून मोठ्या क्षेत्राचे रेखांकन करताना दहा टक्के जागा मोकळी सोडावीच लागते. प्लॉट पाडणारे ही जागा बहुतेक वेळा जिथे प्लॉट विकला जाणार नाही अशा कोपऱ्यात, विजेच्या डीपीच्या मागे ढकलतात. तीच दहा टक्के जागा ओढ्याच्या काठाने सलग ठेवली आणि ओढ्यापासून नियमाप्रमाणे सोडायचे अंतर तिला जोडले, तर विक्रीयोग्य जमीन फारशी कमी न होता काठाचा चांगला रुंद पट्टा तयार होतो. शेजारच्या गटमालकांनीही तसेच केले तर तो पट्टा तलावापर्यंत जोडला जातो. घोरपडीला आणि मुंगसाला हवी असते ती अशी सलग वाट, सुटे सुटे चौकोन त्यांच्या कामाचे नाहीत. हा प्रस्ताव दिरांच्याच तोंडून गावात गेला तर उत्तम. व्यवहारात असलेल्या माणसाला पुरात न जाणारा प्लॉट विकणे किती सोपे असते, हे मी सांगायची गरज नाही.

भाच्याचे म्हणणे बरोबर आहे, पण अर्धेच. इंग्लंडमध्ये फेब्रुवारी २०२४ पासून मोठ्या बांधकामांना आधी होता त्यापेक्षा किमान दहा टक्के अधिक निसर्ग निर्माण करून तो ३० वर्षे सांभाळण्याचे बंधन आले. पुढे २०२५ च्या नव्या नियोजन कायद्याने बांधकाम करणाऱ्याने निधीत पैसे भरावेत आणि त्यातून निसर्गाची कामे एकत्रितपणे व्हावीत, अशी वाट उघडली, आणि त्यावरून तिकडच्या निसर्गसंस्थांनी मोठा वाद घातला. पैसे भरून एका ठिकाणचा अधिवास मोडायचा आणि दुसरीकडे कोठेतरी उभा करायचा, यावर त्यांचा मुख्य आक्षेप होता. आपल्याकडे वनजमिनीच्या बदल्यात भरपाई वनीकरण आणि त्याच्या निधीचा २०१६ चा कायदा आहे, झाडाच्या वयाइतकी रोपे लावण्याची अट आहे. मात्र खासगी शेतजमिनीवरच्या ओढ्याकाठासाठी इंग्लंडसारखे मोजमाप नाही. माझे मत विचाराल तर मला त्याची फार हळहळ वाटत नाही. साठ वर्षांच्या उंबराच्या बदल्यात बायपासच्या दुभाजकात लावलेली साठ रोपे हा हिशोब वहीत जुळतो, धनेश आणि वटवाघळे यांच्या पोटात जुळत नाही. जागेवरचे जागेवर राखता येते का, हेच आधी पाहावे.

कोर्टाविषयी थोडक्यात. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाचे पश्चिम विभागाचे पीठ पुण्यात आहे, परंतु त्याच्या कायद्याच्या अनुसूचीत सातच कायदे आहेत. पाणी, हवा, पर्यावरण, वनसंवर्धन, जैविक विविधता हे त्यांत येतात. नगररचना अधिनियम आणि वन्यजीव अधिनियम येत नाहीत. ओढ्यात भराव, सांडपाणी अशा तक्रारींसाठी तेथे जाता येते, पण घटना घडल्यापासून साधारण सहा महिन्यांच्या आत. आराखड्यालाच आव्हान द्यायचे असेल तर उच्च न्यायालय. त्याचे सर्किट बेंच (फिरते खंडपीठ) ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापुरातच सुरू झाल्याने मुंबईच्या खेपा वाचल्या आहेत. तरीही न्यायालय पहिला प्रश्न विचारते तो हाच की आपण मुदतीत हरकत घेतली होती का, आणि तिचे काय झाले. म्हणून आज वकिलाकडे जाण्याऐवजी भूमी अभिलेख कार्यालयात जा. अपवाद एकच : यंत्र प्रत्यक्ष ओढ्यात उतरले असेल तर वाट न पाहता त्याच दिवशी तहसीलदार आणि प्राधिकरण या दोघांकडे लेखी तक्रार देऊन काम थांबवण्याची मागणी करावी.

आपण पत्रासोबत जी छायाचित्रे पाठवली आहेत ती चांगली आहेत. खुंट्या आणि पाण्याची कड एकाच चौकटीत स्पष्ट दिसते. मात्र त्यांच्यावर तारीख नाही आणि ती कोणत्या गटातून घेतली हे कळत नाही. मोबाईलमध्ये ठिकाण व वेळ छायाचित्रावर उमटवण्याची सोय असते, ती सुरू करून तीच छायाचित्रे पुन्हा घ्या, प्रत्येकाच्या मागे गट क्रमांक आणि कोणत्या दिशेला तोंड करून घेतले ते लिहा, आणि पाऊस सुरू होऊन ओढा वाहू लागला की त्याच जागांवरून दुसऱ्यांदा घ्या.